वायटाचं काम

आमच्या घरातली शेतं वाटून गेली, तांब्यापितळेची भांडी वाटून गेली, पण भाऊंचा चेहरा मात्र अख्खाच्या अख्खा माझ्या एकटीच्या वाट्याला आला. भाऊ म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं म्हणून आम्ही मुलीही भाऊच म्हणत असू. नाकावर येऊन एकमेकींना भेटणाऱ्या जाड भुवया, रुंद जबडा आणि समोरच्याला आत्ता जाब विचारणार असं वाटायला लावणारी नजर, एवढा ऐवज त्यांनी मला दिला. माझ्या मोठ्या बहिणीला, आक्काला, आईचा गोल, मऊ चेहरा मिळाला. पुढे नोकरीत तळेगावच्या पोस्टात मी खिडकीवर बसायची तेव्हा शेजारच्या खिडकीसमोर नेहमी जास्त लांब रांग असायची. कित्येक वर्षं मी समजत होते, माझ्या खिडकीवर ऊन येतं म्हणून लोक तिकडे जातात.

भाऊंच्या चेहऱ्यात माझ्यापेक्षा दोन गोष्टी जास्त होत्या. एक म्हणजे कल्लेदार मिशा, आणि दुसरी म्हणजे लहानपणी बैलाचं शिंग लागून उजव्या भुवईपासून गालापर्यंत उतरलेली खूण. डोळे कायम लालसर. त्यांना प्रथम पाहणाऱ्याला वाटायचं, हा माणूस कुठून तरी पळून आलाय. प्रत्यक्षात दूध घालायला जात तेवढं सोडलं, तर भाऊ आमच्या गावाच्या, बेडशाच्या, बाहेर फारसे गेलेच नव्हते. लेण्यांच्या डोंगराखाली आमचं घर, घराला लागून गोठा, गोठ्यात चंद्री आणि तांबू या दोन म्हशी. पहाटे चरवीत पडणाऱ्या धारेच्या आवाजानं मला जाग यायची. त्या आवाजाखाली आणखी एक बारीक आवाज असायचा, तो भाऊंचा. ते म्हशींशी बोलत असायचे, काल काय झालं, भाताची खाचरं कशी आहेत, कुणाचं लग्न ठरलं. माणसांपुढे मात्र त्यांना चार शब्द जुळवायला त्रास व्हायचा. त्यांनी आम्हाला कधी रागावल्याचं मला आठवत नाही. रागवायचं खातं आईकडे होतं आणि ती ते मन लावून सांभाळायची. हुलग्याचं माडगं भुरकताना आवाज झाला, तर ती भाऊंनासुद्धा सोडत नसे. मग भाऊ माझ्याकडे बघून हसायचे. त्यांचं घरातलं हसणं अगदी बिनआवाजाचं होतं, नुसते खांदे हलायचे.

दूध घालायला ते रोज सायकलनं कामशेतला आणि तिथून गाडीनं लोणावळ्याला जात. एकदा सुट्टीत मी हट्टानं त्यांच्याबरोबर गेले. बंगल्याची बेल वाजवली की भाऊ दुधाची किटली पायरीवर ठेवायचे, तीन पावलं मागे सरकायचे आणि आवारातल्या झाडाकडे बघत उभे राहायचे. दार अर्धवट उघडायचं, त्यातून हात आणि पातेलं बाहेर यायचं, मग भाऊ नजर वर न करता दूध मापून घालायचे. मला वाटलं, दूध घालायची ही लोणावळ्याची पद्धत असेल. घरी येऊन मी तसंच बाहुलीला दूध घालत बसले होते, तीन पावलं मागे सरकून. आईनं ते पाहिलं आणि ती चुलीकडे निघून गेली.

आता नाटकाचं सांगते. चैत्रात आमच्या गावची जत्रा असे आणि जत्रेला गावातल्याच हौशी मंडळींचं नाटक होई. बसवणारे आमचे शाळेचे मास्तर, मूळचे तळेगावचे. मास्तरांची पात्रं निवडायची रीत साधी होती. शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या गड्यांना ओळीनं उभं करायचं, हात मागे बांधून एक फेरी मारायची आणि तोंडं बघून कामं वाटायची. गोरा, सरळ नाकाचा तो नायक. ज्याला मिसरूड नाही तो नायिका. पोट सुटलेला तो विनोदाला. आणि दरवर्षी भाऊंसमोर आले की मास्तर थांबतसुद्धा नसत, चालता चालताच म्हणायचे, "भाऊंचं काय, ठरलेलंच आहे." गावाच्या भाषेत त्याला वायटाचं काम म्हणत. कधी सावकार, कधी दरोडेखोर, कधी भावाचा गळा कापणारा पाटील. नाटक बदलायचं, भाऊंचं वाईटपण तेच राहायचं.

त्या कामाला एक हसू लागायचं, पोटातून निघून टप्प्याटप्प्यानं चढत जाणारं आणि एकदम तुटणारं. घरात मोठ्यानं हसायची सवय नसलेले भाऊ जत्रेआधी महिनाभर गोठ्यात जाऊन ते हसू घोटत बसायचे. पहिल्या दिवशी तांबूनं दावं तोडलं. मग ती पान्हा चोरायला लागली, धारेला पुरतं दूधच देईना. आई म्हणायची, हे नाटक आपल्याला ताकालाही महाग करणार. पण जत्रेत भाऊ हसले की पुढे बसलेल्या बाया पदरात तोंड लपवायच्या, पोरं भोकाड पसरायची आणि मास्तर पडद्याआड खूश होऊन मान डोलवायचे. दुसऱ्या दिवशी कामशेतच्या बाजारात कुणी ना कुणी बाई भाऊंकडे बघून बोटं मोडायचीच. भाऊ घरी येऊन ते कौतुकानं सांगायचे. ते सगळंच कौतुक नव्हतं हे कळायला मला वेळ लागला.

खरं सांगायचं तर या चेहऱ्यावर सगळ्यात जास्त चैन मी केली. शाळेत मला कुणी चिडवलं की मी नुसतं म्हणायची, "भाऊस्नी सांगू का?" बस्स. पाटी पुसायचं ओलं फडकं मला पहिलं मिळायचं, करवंदांचा वाटा मला मोठा मिळायचा, लंगडीत मी कधी बाद होत नसे. त्यासाठी मी भाऊंच्या गोष्टी रचायची. भाऊ घरात आले की आम्ही भिंतीला चिकटून उभ्या राहतो, भाऊंच्या कोयत्याला हात लावायची कुणाची छाती नाही, भाऊंनी एकदा नुसत्या नजरेनं कुत्रं पळवलं. यातलं कुत्र्याचं थोडंफार खरं होतं. बाकी सगळी माझी करणी. तोंडाला इतकी सवय झाली होती की भाऊंचं नाव निघालं की गोष्ट आपोआप बाहेर पडायची.

शिमगा झाल्यावर आक्काला बघायला तळेगावजवळच्या आंबी गावची माणसं आली. मुलगा तळेगावला कारखान्यात होता. बोलायला साधा, पोह्यांना छान म्हणणारा. तो आईला आवडला आणि आक्काला तर फारच. हे मला कसं कळलं, तर ती पाहुणे गेल्यावर उगीचच दोनदा अंगण झाडत होती. मुलाबरोबर त्याची आई आली होती, तिला सगळे मावशी म्हणत होते. गोरी, गुबगुबीत, साखरेसारखं बोलणारी. इतकी प्रेमळ बाई मी पाहिली नव्हती. ती वर्षापूर्वी आमच्या जत्रेला येऊन गेली होती हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तेव्हा तिनं तांब्या घेतला, पण पाणी प्यायली नाही. आणि भाऊ, नेहमीप्रमाणे, चार शब्द जुळत नाहीत म्हणून दाराच्या चौकटीला टेकून गप्प उभे राहिले.

पाहुण्यांना एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायला आईनं मला पाठवलं. वाटेत मावशीनं माझा हात धरला, बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं आणि हळूच विचारलं, "बाळा, तुजं वडील घरात लय रागावत्यात का गं?"

मी तेव्हा थांबायला हवं होतं. ही शाळेतली पोर नाही, हिच्याकडून मला करवंदं घ्यायची नाहीत, हे कळायला हवं होतं. पण भाऊंचं नाव निघालं होतं. मी छाती फुगवून म्हणाले, "लय. भाऊ आलं की समदं घर चळाचळा कापतंय. म्हशी बी कापत्यात." मावशीनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि कनवटीचा खडीसाखरेचा खडा मला दिला. तो चघळत मी उड्या मारत घरी आले.

आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. पोरगी लाखात एक आहे, पण त्या बापाच्या घरात सोयरीक नको. लेक घाबरत वाढली असेल तर सासरी काय नांदणार, असंही मावशी म्हणाली होती. आईनं मध्यस्थाला चहा दिला. आक्का काम करताना गुणगुणायची, ते त्या दिवसापासून बंद झालं. भाकऱ्या थापल्याचा आवाज तेवढा यायचा. मला कळलं होतं हे कुणाच्या जिभेनं केलंय, पण ते बोलायची हिंमत होत नव्हती. आक्काच्या शेजारी अंथरुणावर पडलं की मला तिच्याकडे पाठ करून झोपावं लागायचं.

भाऊ निरोप ऐकून गोठ्यात निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते कामशेतहून परत आले ते मिशा काढून. मिशांखालचा ओठ ऊन न लागल्यानं पांढराफटक निघाला आणि त्यामुळे गालावरची खूण आणखीच उठून दिसायला लागली. चांगलं दिसायला म्हणून गेलेला माणूस पहिल्यापेक्षा भयंकर होऊन आला होता. चंद्रीनं त्यांना हुंगून शिंग उगारलं. आई तोंडाला पदर लावून हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली. आणि त्याच संध्याकाळी मास्तर शाळेच्या व्हरांड्यात पात्रं निवडायला उभे होते.

मी खांबामागून बघत होते. मास्तर भाऊंसमोर आले आणि पहिल्यांदाच थांबले. "भाऊ, अहो मिशा कुठे गेल्या?"

भाऊ म्हणाले, "मास्तर, यंदा मला चांगल्याचं काम द्या. बापाचं द्या. बारकं असलं तरी चालंल."

मास्तर वाईट माणूस नव्हते. भाऊंच्या खांद्यावर हात ठेवूनच ते बोलले. "भाऊ, पडदा उघडला की लोकांना लगेच कळलं पाहिजे कोण चांगला आणि कोण वाईट. तुम्ही चांगल्याच्या कामात उभे राहिलात, तर लोक शेवटपर्यंत वाट बघत बसतील, हा सुरी कधी काढतो म्हणून." सगळा व्हरांडा हसला. भाऊही हसले, पण त्यांचे खांदे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोठ्यात गेले. चंद्री व्यायला झाली होती, म्हणून भाऊ तिच्यापाशीच बसून असायचे. त्यांनी दाढीचा आरसा खांबाच्या खिळ्याला टांगला होता आणि त्यात बघून ते हसून बघत होते. ओठ ताणायचे, थांबायचे, सोडायचे. मग भुवया वर उचलून परत. जरा मान तिरपी करून परत. चंद्री रवंथ करत त्यांच्याकडे बघत होती. एका मोठ्या वयाच्या, कष्टाळू माणसाला साधं हसायला शिकावं लागतंय, आणि ते माझ्यामुळे, हे मला सहन झालं नाही. मी तिथेच शेणात बसले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. खडीसाखरेचा खडासुद्धा सोडला नाही.

भाऊंनी आरसा खिळ्यावरून काढून पालथा ठेवला. त्यांनी चंद्रीची पाठ खाजवली. मग विचारलं, "मंगे, मी तुला कदी हात लावलाय का?"

"न्हाई."

"आक्काला?"

"न्हाई."

"मग कापतंय कोण घरात?"

मी हातानं नाक पुसलं. भाऊ म्हणाले, चंद्री व्याली की आपण दोघं आंबीला जाऊ आणि तू हे तिथं सांग. आईला कळल्यावर तिनं लाटणं उचललं, पण भाऊ मध्ये उभे राहिले. निघायच्या दिवशी सकाळी आक्कानं माझी वेणी घातली, एवढी घट्ट की डोळे ताणले गेले. तेवढी शिक्षा तिचा हक्कच होता.

चंद्रीच्या चिकाची बरणी घेऊन आम्ही निघालो. कामशेतपर्यंत सायकलच्या दांडीवर, तिथून एसटीनं तळेगाव आणि पुढे इंद्रायणीच्या पुलावरून पायी. मी वाटेत वाक्यं पाठ करत होते. मावशी ओट्यावर वाल निवडत होती. भाऊंना पाहून तिच्या हातातलं सूप थांबलं. भाऊंनी टोपी काढली, बरणी ठेवली आणि बंगल्याच्या दारात उभे राहत तसे तीन पावलं मागे सरकून झाडाकडे बघत उभे राहिले. मी पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं, मी खोटं बोलले, भाऊ कधी रागावत नाहीत, घरात कुणी कापत नाही.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं आणि तिच्या बोलण्यातली सगळी साखर गेली. ती म्हणाली, "लेकराला दम दिऊन शिकवून आणलंय. दिसतंय की. पोपटावानी बोलती." मग भाऊंकडे न बघता म्हणाली, "लाज न्हाई वाटत पोरीला पुढं करायला?"

खोटं बोलले ते हिला झटक्यात पटलं होतं आणि खरं बोलतेय ते पटत नव्हतं. मी भाऊंकडे वळले, ते काहीतरी बोलतील म्हणून. भाऊ झाडाकडे बघत होते. तेव्हा माझं डोकं फिरलं. आईचा चेहरा नसला तरी आईचा स्वभाव माझ्यात उतरलाय हे मला त्या दिवशी समजलं. मी कमरेवर हात ठेवले आणि भर अंगणात भाऊंना झापायला सुरुवात केली.

"भाऊ, आता बोला की तुमी. घरी म्हशीसंगं तास तास बोलता आन् हितं तोंडाला कुलूप. त्या झाडाला काय हाय बघण्यासारकं? आई रोज सांगती, मान्सांशी चार शब्द बोलत जावा, तर तुमाला ऐकाया नको. आक्काचं मोडलं ते माज्या तोंडानं, पर तुमच्या गप ऱ्हाण्यानं बी मोडलं. हिकडं या पुढं. अन् टोपी घाला, ऊन लागतंय."

भाऊंनी निमूटपणे टोपी घातली. तीन पावलं पुढे आले. खाली मान घालून म्हणाले, "बरं बाई. चुकलं माजं."

मावशी सूप मांडीवर ठेवून आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत राहिली. मग तिच्या पोटापासून हसू सुरू झालं आणि चढत चढत एवढं मोठं झालं की निवडलेले वाल ओट्यावर सांडले. पदरानं डोळे पुसत ती भाऊंना म्हणाली, "दादा, तुमच्या घरात कापतंय खरं कुनीतरी. तुमीच."

भाऊंचे खांदे हलायला लागले. ते थांबेचनात. मावशीनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता परत खडीसाखर. तिनं माझा कान धरून असा पिळला की तो घरी जाईपर्यंत गरम होता. तिच्या गोऱ्या गुबगुबीत चेहऱ्यावरून ती असा कान पिळू शकेल असं मला कधीच वाटलं नसतं. मग तिनं चीक आत नेला, गूळ-वेलची घालून वाफेवर खरवस ठेवला, आणि तो होईपर्यंत भाऊंना समोर बसवून म्हशी किती, दूध किती, लेण्यांच्या डोंगरावर गवत कसं असतं, सगळं विचारून घेतलं. म्हशींवरून विषय निघाल्यामुळे भाऊ घडाघडा बोलले. निघताना तिनं एवढंच म्हटलं की मी पुढच्या आठवड्यात येते, परत बघायला, आणि या वेळी पाणी पिऊन जाते.

लग्न वैशाखात झालं. त्याआधी जत्रेत भाऊंनी तांबूच्या शेपटीच्या केसांच्या मिशा चिकटवून वायटाचं काम केलं. हसू सुटलं तेव्हा पहिल्या रांगेत बसलेली मावशी शेजारणींना ओरडून सांगत होती की भिऊ नका, आमचं व्याही हायती, घरी लेक झापती त्यास्नी. मास्तर विंगेत कपाळावर हात मारून बसले. आक्का अजून आंबीलाच आहे. तिला नातवंडं आहेत आणि काम करताना ती अजून गुणगुणते.

भाऊंच्या मिशा परत आल्या, पण गोठ्यात आरशासमोर शिकलेलं ते हसू गेलं नाही. नवा माणूस भेटला की ते आधी हसायचे, जरा जास्तच वेळ, भुवया वर उचलून. लोकांना ते विचित्र वाटायचं. शेवटच्या आजारात दवाखान्यातली नवी नर्स खोलीत आली तेव्हा त्यांना बोलवत नव्हतं, तरी त्यांनी तिच्यासाठी ओठ ताणले. ते हसू कुठून आलं हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. बाकी सगळ्याबद्दल त्यांनी मला माफ केलं होतं. या एका गोष्टीबद्दल मी स्वतःला अजून केलेलं नाही.

हे सगळं लिहायला बसायचं कारण माझी नात. तिच्या भुवया यंदा नाकावर येऊन भेटल्या. परवा ती पलंगावर बसून मोबाइलच्या कॅमेऱ्यात स्वतःकडे बघत होती. ओठ ताणायचे, थांबायचे, सोडायचे. मी विचारलं, काय चाललंय. म्हणाली, "आजी, उद्यापासून नवीन वर्ग आहे. सगळ्यांना पहिल्यांदा वाटतं की मी रागावलेय. म्हणून प्रॅक्टिस."

मी तिच्याजवळ बसले आणि तिला तिच्या पणजोबांची ही गोष्ट सांगितली. तिला ते नाटकातलं हसू ऐकायचं होतं. माझ्या वयाला झेपेल का, हा प्रश्न होता, पण मी पदर खोचला आणि पोटातून सुरुवात करून टप्प्याटप्प्यानं चढवत नेलं. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. सून स्वयंपाकघरातून धावत आली. मोबाइल पलंगावर पालथा पडला होता आणि माझी नात पोट धरून हसत होती, जराही आवाज न करता, नुसते खांदे हलवत.